‘स्वतःचा फ्लॅट’ म्हणजे नेमका कोणाचा?

आपल्याकडचा कुठलाही लग्नाचा बायोडेटा उघडून बघा. उंची, शिक्षण, पॅकेज, नाडी, गण... आणि मग ठळक अक्षरांत एक ओळ : ‘स्वतःचा फ्लॅट, मनीषनगर’. कधी ‘बेसा रोडला टू-बीएचके’. कधी ‘प्रतापनगरला स्वतःचं घर’ (हे घर बहुतेक वेळा बाबांचं असतं, पण ते जाऊ द्या!). हल्ली मुलींच्या बायोडेटातही ही ओळ दिसायला लागली आहे. मिहानमध्ये किंवा पुण्यात नोकरी, तिशीच्या आत होम लोन आणि लग्नाआधीच स्वतःच्या नावाची पाटी. मस्त वाटतं.

लग्न ठरवताना या एका ओळीला केवढा भाव! पण त्यातल्या ‘स्वतःचा’ या शब्दाचा अर्थ तेव्हा कोणीच विचारत नाही. तो विचारला जातो थेट कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसल्यावर. तिथे मात्र दोन्ही बाजूंनी एकच वाक्य ऐकू येतं : ‘घर माझं आहे.’

माझ्या ओळखीच्यांमध्ये गेल्या काही वर्षांत तीन-चार संसार मोडले. सगळे शिकलेले, कमावते, समंजस. पण घराचा विषय निघाला की प्रत्येकाकडे ऐकीव माहितीचं भांडवल. मुलगे म्हणतात, ‘आजकाल बायको अर्धा फ्लॅट घेऊन जाते.’ मुली म्हणतात, ‘एवढी वर्षं राहिले तिथे, अर्ध्यावर माझा हक्क आहेच.’ आणि ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ‘लग्न झाल्यावर काय तुझं अन् काय माझं?’

मंडळी, ही तिन्ही वाक्यं चूक आहेत. हॉलीवूडच्या घटस्फोटांच्या बातम्या वाचून आपण इथला कायदा ठरवतो, तिथेच घोळ होतो. म्हणून ठरवलं, की हा विषय एकदा नीट समजून घ्यायचा. वकील मैत्रिणीचं डोकं खाल्लं, कायद्याची कलमं वाचली, निकाल चाळले. हाती आलं ते असं : ‘घर कोणाचं?’ हा एक प्रश्न नाहीच. ते चार प्रश्न आहेत. नाव कोणाचं? पैसा कोणाचा? राहायचं कोणी? आणि पोटगी ठरवताना ते घर मोजायचं की नाही? गंमत म्हणजे या चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

नाव : ज्याची रजिस्ट्री, त्याचं घर

पहिलं उत्तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कोरडं. आपल्याकडे लग्न केल्यानं मालमत्ता एकत्र होत नाही. त्याचं ते त्याचं, तिचं ते तिचं. लग्नाआधी त्याने फ्लॅट घेतला, विक्रीपत्र त्याच्या नावाने झालं, इंडेक्स टू वर त्याचंच नाव आहे, तर घटस्फोटानंतरही तो फ्लॅट त्याचाच. संसार दोन वर्षं टिकला की वीस वर्षं, याने मालकीत काही फरक पडत नाही.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेसाठी एक कलम आहे, सत्ताविसावं. पण ते लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मिळून असलेल्या वस्तूंपुरतं आहे. म्हणजे आहेरातला फ्रिज, फर्निचर, भेटी वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये त्याचा अर्थ थोडा सैल केला. लग्नाच्या आधी किंवा नंतर दिलेली वस्तूही, तिचा संबंध लग्नाशी असेल तर, यात येऊ शकते. तरीही चार वर्षं आधी बुक केलेला फ्लॅट काही या कलमात बसत नाही.

हाच नियम तिच्या घरालाही लागू आहे, आणि तो आपसूक मिळालेला नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. त्याआधी अनेक बाबतीत बाईला मालमत्ता फक्त हयातीपुरती वापरता यायची, विकता यायची नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडलं, त्यामागे हिंदू कोड बिल रखडणं हे एक मोठं कारण होतं. पुढे त्याच बिलाचे तुकडे वेगवेगळे कायदे म्हणून मंजूर झाले. वारसा कायदा जून १९५६ मध्ये आला आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपल्या नागपुरात धम्मदीक्षा झाली. आज एखादी मुलगी आपल्या पगारावर लोन काढून बेधडक ‘माझा फ्लॅट’ म्हणते, त्या ‘माझा’मागे हा सगळा इतिहास आहे. (हे दोन्ही कायदे बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहेत.)

माहेरून मिळालेले दागिने आणि इतर स्त्रीधनाचंही असंच. ते पूर्णपणे तिचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं.

पैसा : ईएमआय दिसतो, किराणा दिसत नाही

आता खरी गोम. माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण सांगते. फ्लॅट नवऱ्याने लग्नाच्या दोन वर्षं आधी घेतलेला. लग्नानंतर दोघांनी अगदी मॉडर्न पद्धतीने खर्च वाटून घेतला. त्याच्या पगारातून ईएमआय. तिच्या पगारातून किराणा, मुलाची फी, वीजबिल, कामवालीचे पैसे, गाडीचं पेट्रोल, सासूबाईंची औषधं. महिन्याचा आकडा दोघांचा जवळपास सारखाच.

नऊ वर्षांनी वेगळं व्हायची वेळ आली, तेव्हा कागदावर काय उरलं? त्याच्या बाजूला बऱ्यापैकी फेडलेलं कर्ज आणि किंमत वाढलेला फ्लॅट. तिच्या बाजूला डी-मार्टची बिलं. तीसुद्धा कोण जपून ठेवतं?

ती मला म्हणाली, ‘मी किराणा भरला म्हणून तर तो हप्ता भरू शकला ना?’ प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. पण मालकीचा दस्तऐवज हा प्रश्न ऐकत नाही. कायद्याला आपल्याकडे दिसतो तो खात्यातून खात्यात गेलेला पैसा.

समजा तिने थेट हप्तेच भरले असते तर? तर बाजू नक्कीच बळकट झाली असती. तरी मालकी आपोआप मिळाली नसती. ‘या घरात माझे पैसे आहेत’ असा दावा करता येतो. पती-पत्नीमधला मालमत्तेचा वाद ऐकण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालयालाच आहे, १९८४च्या कायद्याने दिलेला. पण सिद्ध करण्याचं ओझं दावा करणाऱ्यावर. बँक स्टेटमेंट लागतं, ट्रान्सफरच्या नोंदी लागतात, आणि तो पैसा कर्ज म्हणून दिला, भेट म्हणून दिला की हिस्सा म्हणून दिला, हेही विचारलं जातं.

इथे आपल्या पिढीला हमखास फसवणारे दोन शब्द आहेत : सहकर्जदार आणि सहमालक. लग्नानंतर लोन ट्रान्सफर करताना बँक म्हणते, मॅडमनाही को-ॲप्लिकंट घ्या. मॅडम सही करतात आणि समजतात, की घरात आपलं नाव लागलं. नाही हो! तुम्ही कर्जात आलात, घरात नाही. हप्ता थकला तर बँक तुमच्याही मागे लागेल. पण रजिस्ट्रीत नाव नसेल, तर फ्लॅट विकताना तुमच्या सहीची गरज नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजेही मालकी नव्हे.

वरचा मजला : नागपुरी स्पेशल

आपल्या शहरात याचा एक खास प्रकार आहे. बाबांचा नासुप्रच्या लेआऊटमधला प्लॉट, खाली आई-बाबांचं घर. मुलाचं लग्न ठरलं की वर मजला चढवायचा. लग्नानंतर फ्लोअरिंग, मॉड्युलर किचन, एसी. यात सुनेचाही पैसा जातो, कधी तिच्या माहेरचाही. सगळे खुशीत, कारण बिल्डरची कटकट नाही आणि नातवंडं डोळ्यासमोर.

पण आखिव पत्रिकेवर नाव कोणाचं? बाबांचं. नासुप्रच्या लीजवर नाव कोणाचं? बाबांचं. वरचा मजला बांधायला कोणी किती दिले, याचा कागद नसेल तर तो मजलाही व्यवहारात बाबांचाच. तिथे नवराच मालक नाही, मग घटस्फोटात तिला वाटा कुठून मिळणार? आणि फक्त तिचंच नाही, मुलगासुद्धा दहा वर्षांचे पैसे ओतून कागदावर पाहुणाच असतो. उद्या बहिणीने तिचा हक्क मागितला, की त्यालाही हे कळतं.

राहणं : मालकी नाही, म्हणून रस्ता नाही

इथपर्यंत वाचून मुलींना धसका बसला असेल आणि काही मुलं खुशीत हसली असतील. थांबा. तिसरा प्रश्न बाकी आहे, आणि इथे चित्र एकदम पालटतं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५चा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला. त्याचं सतरावं कलम सांगतं, की ज्या सामायिक घरात ती राहते, तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. मालकीत तिचं नाव असो वा नसो! कायद्याची रीतसर प्रक्रिया केल्याशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. ‘माझा फ्लॅट आहे, निघ’ म्हणून कुलूप बदलणं, सामान पॅसेजमध्ये ठेवणं, लाइट कापणं, हे मालकाचे अधिकार नाहीत. हिंसाचाराची तक्रार खरी आढळली, तर न्यायालय तिला त्याच घरात राहू देण्याचा, नवऱ्याला तिथून निघायला लावण्याचा किंवा तिच्यासाठी तशाच दर्जाचं दुसरं घर, नाहीतर त्याचं भाडं देण्याचा आदेश देऊ शकतं.

घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल तर? इथे कायदा एकदा एका दिशेने गेला आणि मग वळला. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं, की सासूच्या मालकीचं घर हे सामायिक घर नाही. जवळजवळ चौदा वर्षं सुनांना हे उत्तर मिळत राहिलं. १५ ऑक्टोबर २०२०ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चूक ठरवला. सून तिथे खरोखर नांदत असेल, तर सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं. मात्र हा हक्क अमर्याद नाही, म्हाताऱ्या आई-वडिलांना शांतपणे जगण्याचा अधिकार आहे आणि दोन्हींचा तोल साधायचा, असंही त्याच निकालात आहे.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. एक, हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. तो फ्लॅट विकून पैसे मागता येत नाहीत. दोन, हा हक्क नात्यावर उभा आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला, की साधारणपणे त्याचा पाया जातो. म्हणून घटस्फोट होण्याआधीच राहण्याचं काय, हे ठरवून आणि लिहून घेणं शहाणपणाचं.

पोटगी : नागपूरहून दिल्लीला गेलेला खटला

चौथ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला आपल्याच शहरातला एक खटला सापडला, आणि तो आज देशभरात रोज वापरला जातो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१५ला एका पत्नीला महिना १५ हजार रुपये आणि लहान मुलाला आधी ५ हजार, पुढे १० हजार रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला. २०१८ मध्ये तिथेही आदेश कायम राहिला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी ४ नोव्हेंबर २०२०ला निकाल दिला. आदेश तर कायम ठेवलाच, शिवाय देशातल्या सगळ्या पोटगी प्रकरणांसाठी नियम घालून दिले.

यातला सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र. दोघांनीही भरायचं, तिनेही आणि त्यानेही. त्यात पगार आला, गुंतवणूक आली, कर्जं आली. आणि घरंही आली : स्वतःच्या मालकीची मालमत्ता, लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेली मालमत्ता, वडिलोपार्जित हिस्सा, त्यात सध्या कोण राहतं, भाडं येत असेल तर किती. खोटं लिहिलं तर कारवाईची तरतूद आहे.

म्हणजे काय झालं बघा. लग्नाआधीचा फ्लॅट वाटणीत नाही, पण लपवताही येत नाही. कायमची पोटगी ठरवताना न्यायालय दोघांचं उत्पन्न आणि ‘इतर मालमत्ता’ बघतं, असं हिंदू विवाह कायद्याच्या पंचविसाव्या कलमातच लिहिलं आहे. आणि त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, जे फार कमी लोकांना माहीत असतं : गरज पडली तर पोटगीच्या रकमेचा बोजा पोटगी देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवता येतो. घर त्याचंच राहील, पण तिचे पैसे चुकते होईपर्यंत ते घर बांधलेलं राहील.

माझ्या त्या मैत्रिणीला फ्लॅटमध्ये वाटा मिळाला नाही. पण तिच्या वकीलबाईंनी नऊ वर्षांच्या तिच्या पगाराचा आणि घरखर्चाचा हिशेब मांडला, प्रतिज्ञापत्रात त्याच्या फ्लॅटची नोंद होतीच, आणि समुपदेशकांच्या खोलीत तीन बैठकांनंतर एकरकमी आकड्यावर दोघं आले. तो आकडा अर्ध्या फ्लॅटएवढा नव्हता. शून्यही नव्हता.

आणि घर तिचं असेल तर?

हा प्रश्न मला जास्त जवळचा, कारण मी त्यातच मोडते. लग्नाच्या तीन वर्षं आधी मी वन-बीएचके घेतला. आई म्हणाली होती, ‘मुलीला कशाला घर? जो येईल त्याचं असेलच की!’ जो आला त्याचं नव्हतं, आणि आम्ही दोघं माझ्याच घरात राहायला लागलो. ‘घरजावई’ या शब्दावरचे सगळे जोक आमचे ऐकून झालेत.

कायद्याने ते घर माझंच आहे. राहण्याचा जो खास हक्क २००५च्या कायद्याने दिला, तो फक्त स्त्रीला. नवऱ्याला बायकोच्या घरात तसा हक्क नाही. पण म्हणून मी मोकळी, असंही नाही. हिंदू विवाह कायद्यात पोटगी पती किंवा पत्नी, कोणीही मागू शकतं. बायको भरपूर कमावते, तिच्याकडे घर आहे आणि नवरा खरंच अडचणीत आहे, तर माझं घरही त्या प्रतिज्ञापत्रात येणारच. (नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल, तर तिथे पोटगीची तरतूद फक्त पत्नीसाठी आहे.)

नवऱ्यांसाठीही एक सूचना. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त महिलेच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. ती वाचवायला अनेकांनी आपल्या पैशाने, पण बायकोच्या एकटीच्या नावावर फ्लॅट घेतले. पत्नीच्या नावाने स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेलं घर बेनामी कायद्यात अडकत नाही, हे खरं. पण उद्या वाद झाला तर ‘पैसे माझे होते’ हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर. तिच्या किराण्याचं जे झालं तेच त्याच्या हप्त्याचं होऊ शकतं. आणि प्रेमाने बक्षीसपत्र करून दिलं असेल, तर एकदा दिलं की दिलं. घटस्फोट झाला म्हणून ते परत मागता येत नाही.

आम्ही दोघांनी काय केलं? मागच्या वर्षी घराचं रिनोव्हेशन काढलं आणि त्यात त्याचे साडेचार लाख गेले, तेव्हा एका रविवारी तर्रीपोहे खाता खाता बसून लिहून काढलं. घर माझं. साडेचार लाख त्याचे. घर विकलं किंवा आम्ही वेगळे झालो, तर ते मी परत करीन. पैसे त्याने चेकने दिले, कागदावर दोघांच्या सह्या. एका मावशींनी ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बाप्पा! आत्तापासून मोडायची तयारी?’ मी म्हटलं, ‘मावशी, हेल्मेट घालणारा काय पडायला निघालेला असतो?’

गोव्याला वेगळं का?

इथून एका दिवसाच्या प्रवासावर असलेल्या गोव्यात उत्तर अगदी उलट आहे. पोर्तुगीजांच्या १८६७च्या नागरी संहितेचा कौटुंबिक भाग तिथे अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते. लग्नाआधीची सुद्धा! घर विकायचं तर दोघांची संमती लागते, आणि वेगळं होताना निम्मा-निम्मा वाटा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की गोव्याचे अधिवासी असलेल्यांच्या बाहेरच्या मालमत्तेलाही वारशाच्या बाबतीत हाच कायदा लागू होतो. (तुम्ही कांदोळीला हॉलिडे फ्लॅट घेतला म्हणून तुम्हाला तो लागू होत नाही, बरं का.)

इंग्लंडमध्ये न्यायाधीशाला सगळ्या मालमत्तेकडे बघून वाटणी करता येते. तरी जुलै २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की लग्नाबाहेरून आलेली मालमत्ता समान वाटणीच्या तत्त्वात येत नाही, ती दोघांनी एकत्र मालकीची म्हणून वागवली असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला होता. २०१० मध्ये मांडलेल्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात, घटस्फोटात पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेचा विचार करून भरपाई देण्याची तरतूद पुढे जोडली गेली. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं. पण लोकसभेत ते पार पडलंच नाही आणि २०१४ मध्ये सभागृह विसर्जित झाल्यावर बारगळलं.

म्हणून आज तरी नाव लावणं हे आपल्याच हातात आहे. आणि महाराष्ट्राला ते नवीन नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला होता. नांगर धरणाऱ्यांना जे जमलं, ते लॅपटॉपवाल्यांना अवघड का जावं?

हे तेवढं करून ठेवा

• लग्न ठरवताना ‘फ्लॅट आहे का?’ एवढंच विचारू नका. रजिस्ट्री कोणाच्या नावाने, कर्ज किती बाकी, हेही विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

• दुसऱ्याच्या घरात पैसे घालत असाल तर ते खात्यातून द्या, रोख नको. आणि ते उसने, भेट की हिस्सा, हे दोन ओळींत लिहून ठेवा.

• एकाने हप्ता आणि दुसऱ्याने घरखर्च, ही वाटणी टाळा. दोघांनीही दोन्हीकडे थोडं थोडं भरा. नाहीतर घरखर्च भरणाऱ्याच्या नावे तेवढीच वेगळी गुंतवणूक दर महिन्याला होऊ द्या.

• सहकर्जदार म्हणून सही करण्याआधी विचारा, की मी सहमालक आहे का?

• जोडीदाराला हिस्सा द्यायचा असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र हा सरळ मार्ग. पती-पत्नीत राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर आपल्याकडे मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, वर स्थानिक अधिभार लागतो. नक्की आकडा दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची परवानगी लागेल.

• लग्नाआधीचं घर विकून दोघांच्या नावाने मोठं घर घेताय? जुन्या घराचे किती पैसे नव्यात आले, त्याचे कागद जपा. आणि नव्या विक्रीपत्रात कोणाचा किती टक्के हिस्सा, ते लिहून घ्या.

• परदेशी सिनेमातल्यासारख्या प्रीनपला हिंदू विवाह कायद्यात जागा नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. मालमत्तेचे साधे, स्वतंत्र कागद जास्त कामाचे.

• परस्परसंमतीने वेगळं होताना घर द्यायचं ठरलं, तर फक्त तडजोडीच्या अर्जावर विसंबू नका. ते घर वादाचा विषय नसेल, तर वेगळी नोंदणी लागते.

• महाराष्ट्र सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४च्या अधिसूचनेने घटस्फोट, पोटगी आणि वैवाहिक मालमत्तेच्या वादांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. वकिलाला याबद्दल जरूर विचारा.

परवा ऑफिसमधल्या एका ज्युनिअरने विचारलं, ‘मॅडम, लग्नाआधी हे सगळं विचारलं तर समोरचा पळून नाही जाणार?’

जाईलही कदाचित. पण रजिस्ट्रीवर कोणाचं नाव आहे एवढं विचारल्यावर जो पळतो, त्याच्या हप्त्यांत आपली नऊ वर्षं घालायची की नाही, हे तरी कळतं.